बी-२९ उडवणारी डोरा डोहर्टी: माजी सैनिक म्हणावं का, इंजिनिअर म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: कॉलेजच्या कार्यक्रमात डोरा डोहर्टी स्ट्रॉदर या अमेरिकन वैमानिक बाईंबद्दल बोलायचं आहे. १९४४ मध्ये दोन तरुणींनी बी-२९ बॉम्बर उडवून पुरुष वैमानिकांना लाजवलं, ही गोष्ट खरी आहे का? आणि युद्धात ती कागदोपत्री नागरी नोकर होती, डॉक्टरेट तर विमानविद्येच्या शिक्षणातली, मग तिला माजी सैनिक आणि इंजिनिअर म्हणणं चुकीचं ठरेल का?

गोष्ट खरी आहे. आणि दोन्ही म्हणा, बेधडक म्हणा. पण गोष्ट जशी नेहमी सांगितली जाते तशी सांगितलीत, तर तिच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हातातून निसटेल. माझी नोकरी कॉकपिटच्या मांडणीत गेली. कोणता दांडा कुठे असावा, कोणती तबकडी डोळ्यांसमोर आणि कोणती बाजूला, एवढ्यावरच आम्ही महिनोन् महिने भांडायचो. त्यामुळे डोराकडे मी धाडसी वैमानिक म्हणून नंतर पाहते, आधी आमच्या धंद्यातली पूर्वसूरी म्हणून. हा माझा कल लक्षात ठेवून पुढचं वाचा.

जन्म २७ नोव्हेंबर १९२१, सेंट पॉल, मिनेसोटा. कॉटी कॉलेजात शिकली. अमेरिकन सरकारने १९३९ पासून कॉलेजच्या मुलांना विमान शिकवण्याची योजना सुरू केली होती. त्यात साधारण दहा मुलांमागे एका मुलीला जागा मिळे. त्या एका जागेतून ती वैमानिक झाली. युद्ध पेटल्यावर मुलींच्या त्या जागाही बंद झाल्या, पण तोवर तिच्याकडे परवाना आलेला होता.

पुढे ती 'वास्प'मध्ये गेली. हे लष्करी हवाई दलासाठी देशांतर्गत उड्डाणं करणारं महिला वैमानिकांचं पथक. २५ हजारांहून अधिक अर्ज आले, १,८३० जणी घेतल्या गेल्या, १,०७४ जणी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. कारखान्यातून तळावर विमानं पोचवायची, दुरुस्त झालेल्या विमानांची चाचणी घ्यायची, आणि नवशिक्या तोफचींना सराव मिळावा म्हणून विमानामागे कापडी निशाण बांधून आकाशात ओढत न्यायचं, अशी कामं. यातलं शेवटचं काम डोराच्या वाट्याला आलं, उत्तर कॅरोलायनातल्या कॅम्प डेव्हिस तळावर. खालून खऱ्या गोळ्या झाडल्या जायच्या. विमानं आघाडीवरून वापरून परत आलेली, अंगावर तक्रारींची यादी घेऊन फिरणारी. २३ ऑगस्ट १९४३ च्या रात्री तिथे वास्पमधल्याच मेबल रॉलिन्सनचं ए-२४ विमान उतरताना कोसळून पेटलं. कॉकपिटच्या झाकणाची कडी आतून नीट उघडत नव्हती, ही तक्रार त्या विमानाबद्दल आधीपासून होती. ती आतच जळून गेली. महिनाभरात त्याच तळावर दुसरी मुलगी गेली.

त्या कडीबद्दल थोडं थांबून बोलते. विमान पडण्याचं कारण इंजिन असेल, पण बाहेर न पडता येण्याचं कारण कडी होती. अपघाताच्या कागदावर या दोन गोष्टी एकाच रकान्यात जातात. कॉकपिटवर काम करणारा माणूस त्या वेगळ्या काढतो. डोराने ते तळावर असतानाच मनाशी ठरवलं वगैरे मी म्हणणार नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण पुढे तिने जन्मभर जे केलं ते नेमकं याच जातीचं काम होतं.

आता बी-२९. पंखांचा पसारा १४१ फूट, चार इंजिनं, प्रत्येक २,२०० अश्वशक्तीचं. राइट कंपनीच्या या इंजिनात नऊ-नऊ सिलिंडरच्या दोन रांगा, एकामागे एक. मागच्या रांगेला थंड हवा पुरेशी मिळत नसे, झडपा तापून तुटत. त्यात इंजिनाच्या कवचात मॅग्नेशियमचा वापर होता, आणि मॅग्नेशियम एकदा पेटलं की विझवणं महाकठीण. १८ फेब्रुवारी १९४३ ला सिएटलमध्ये चाचणी उड्डाणात आग लागून बोइंगचा मुख्य चाचणी वैमानिक एडी ॲलन आणि त्याचे सगळे सहकारी मेले. वैमानिकांमध्ये या विमानाची धास्ती बसली ती उगाच नव्हती. भित्रेपणा म्हणून तिची टर उडवणाऱ्यांनी स्वतः त्या इंजिनाच्या शेजारी बसून पाहावं.

आपल्याकडेही या इंजिनांचा ताप पोचला होता, अगदी शब्दशः. बी-२९ युद्धात पहिल्यांदा उतरलं ते बंगालमधून. एप्रिल १९४४ मध्ये ही विमानं अमेरिकेहून भारताकडे निघाली तेव्हा वाटेत कराचीजवळ काही पडली आणि बाकीची काही दिवस जिथल्या तिथे थांबवावी लागली. ५ जून १९४४ ला खरगपूर परिसरातल्या धावपट्ट्यांवरून ९८ विमानं बँकॉकवर निघाली. बंगालचा तो उन्हाळा आणि त्यात तापाची सवय असलेलं इंजिन! बी-२९ च्या त्या दलाचं मुख्यालय खरगपूरजवळच्या हिजलीच्या बंदिवासाच्या इमारतीत होतं. १९५१ मध्ये पहिली आयआयटी सुरू झाली ती त्याच इमारतीत. प्रेक्षकांत इंजिनिअरिंगची मुलं असतील, तर हा दुवा जरूर सांगा.

त्याच १९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत लेफ्टनंट कर्नल पॉल टिबेट्स बी-२९ च्या चाचण्यांवर होता. हाच पुढे ६ ऑगस्ट १९४५ ला 'एनोला गे' घेऊन हिरोशिमावर गेला. वैमानिकांची धास्ती मोडायला त्याने शक्कल काढली: दोन मुलींना हे विमान शिकवायचं आणि तळावर सगळ्यांसमोर उडवून दाखवायचं. त्याने डोरा डोहर्टी आणि डोरोथिया जॉन्सन यांना निवडलं. दोघींनीही त्याआधी चार इंजिनांचं विमान उडवलेलं नव्हतं. तीनेक दिवसांत त्या तयार झाल्या. पात्रता तपासायला आलेला परीक्षक विमानात असताना एका इंजिनाला आग लागली. दोघींनी ठरलेल्या क्रमाने सगळं करून विमान सुखरूप उतरवलं. मग 'लेडीबर्ड' नाव रंगवलेलं विमान घेऊन त्या न्यू मेक्सिकोतल्या प्रशिक्षण तळावर गेल्या आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना बसवून फेऱ्या मारल्या. कुरबुर थांबली. मग वॉशिंग्टनहून मेजर जनरल बार्नी जाइल्सने हा प्रकार बंद करायला लावला. धिप्पाड गड्यांची लाज काढली जातेय, असा त्याचा सूर होता.

एवढीच गोष्ट सांगून लोक टाळ्या घेतात. मला त्यात दोन ठिकाणी खोट दिसते.

पहिली खोट तांत्रिक आहे. टिबेट्सने या दोघींना इतरांपेक्षा वेगळी पद्धत शिकवली होती. प्रघात असा होता की धावपट्टीच्या टोकाला विमान उभं करायचं, एकेक इंजिन जोरात फिरवून त्याची प्रज्वलनाची तपासणी करायची, आणि चारही झाली की निघायचं. विमान उभं, वारा नाही, इंजिनं पूर्ण जोरात. उड्डाण सुरू होण्याआधीच सिलिंडर लाल रेषेला टेकलेले. टिबेट्सने सांगितलं, टोकाला थांबू नका. वळलात की लगेच धावायला लागा, आणि जोर वाढवत नेताना धावतानाच इंजिनं तपासा. वारा मिळतो, ताप आटोक्यात राहतो. शिवाय आगींच्या गोष्टींनी या दोघींचं डोकं त्याने आधी भरवलं नव्हतं.

म्हणजे विमान तेच, इंजिन तेच. बदलला तो कामाचा क्रम. बाईने उडवलं म्हणून ते सोपं ठरलं नाही, क्रम बदलल्यामुळे ते उडवण्याजोगं झालं. ही गोष्ट कुठल्याही प्रशिक्षण वर्गात पहिल्या तासाला सांगावी अशी आहे, आणि नेमकी तीच वगळून आपण 'बायकांनी लाजवलं' एवढंच सांगतो.

दुसरी खोट म्हणजे 'बाईसुद्धा उडवू शकते, मग तुम्हाला काय झालं?' हा युक्तिवाद. त्यात बाई हे मोजमापाचं सगळ्यात खालचं टोक धरलेलं आहे. दोघींचं कौशल्य वापरलं गेलं ते दुसऱ्यांना खिजवायला. काम झाल्यावर बी-२९ त्यांच्या हाती पुन्हा दिलं नाही. ज्या जूनमध्ये हे घडत होतं, त्याच महिन्यात, २१ जून १९४४ ला, वास्पला लष्करात सामावून घेण्याचं विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात पडलं. २० डिसेंबर १९४४ ला पथकच बरखास्त झालं. ३८ जणी सेवेत मेल्या होत्या. त्या नागरी नोकर, म्हणून शवपेटीवर ध्वज नाही, लष्करी विमा नाही. मृतदेह घरी पाठवायला मैत्रिणींनी वर्गणी काढली.

युद्धानंतर डोरा इलिनॉय विद्यापीठात उड्डाणप्रशिक्षक झाली आणि तिथल्या विमान-मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरली. हे क्षेत्र तेव्हा नवंकोरं होतं. युद्धात बी-१७ विमानं उतरल्यावर वैमानिक फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) वर घ्यायच्या ऐवजी चाकंच वर घेत, आणि विमान पोटावर बसे. कागदावर कारण लिहिलं जाई 'वैमानिकाची चूक'. अल्फोन्स चापानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि अगदी एकसारखे. एकाच्या टोकाला रबरी चाक आणि दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा लावला, आणि चूक थांबली. आजही विमानात चाकांच्या दांड्याच्या टोकाला छोटं चाक असतं ते याच वंशातलं. १९४७ मध्ये फिट्स आणि जोन्स यांनी वैमानिकांनी सांगितलेल्या ४६० चुका तपासून दाखवलं की त्यातल्या कितीतरींचं मूळ वैमानिकात नसून मांडणीत आहे.

डोरा या पिढीतली, पण तिच्याकडे एक गोष्ट जास्त होती: तिने स्वतः नाना तऱ्हेची खिळखिळी विमानं उडवली होती. १९५५ मध्ये तिने न्यूयॉर्क विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. १९५७ च्या एका अहवालात तिने दोन सहकाऱ्यांबरोबर हा प्रश्न तपासला, की जमिनीवरच्या वेगवेगळ्या प्रतीच्या साधनांवर शिकलेला कामाचा क्रम प्रत्यक्ष विमानात किती उतरतो. आज सिम्युलेटरवर कोट्यवधी खर्च करण्याआधी विचारायचा प्रश्न हाच, आणि आजही तो पुष्कळदा खरेदी झाल्यानंतर विचारला जातो.

१९५८ मध्ये ती टेक्ससमधल्या बेल हेलिकॉप्टर कंपनीत आली आणि १९८६ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. मानवी घटक, म्हणजे यंत्र माणसाला झेपेल असं घडवण्याची विद्या, आणि कॉकपिट मांडणी या गटाची ती प्रमुख होती. माझ्या मते तिच्या आयुष्याचा गाभा हा आहे, 'लेडीबर्ड' नव्हे.

हेलिकॉप्टर उडवणं म्हणजे काय ते आधी समजून घ्या. उजव्या हातात एक दांडा, तो पंखाचं चक्र हव्या त्या दिशेला कलवतो. डाव्या हातात दुसरा, तो सगळ्या पात्यांचा कोन एकदम कमीजास्त करतो, आणि जुन्या बेलमध्ये त्याच्याच टोकाला मोटरसायकलसारखी इंजिनाची मूठ. पायाखाली दोन पेडल, शेपटाच्या पंख्यासाठी. एक हलवलं की बाकी सगळी थोडीथोडी सावरावी लागतात. हे सगळं बाहेर क्षितिज दिसत असताना जमतं. ढग आले, रात्र झाली, धूळ उडाली की वैमानिक सात-आठ तबकड्यांवरून डोळे फिरवत डोक्यात क्षितिज तयार करतो. तिथे माणसं मरतात, आजही.

त्या काळात लष्कर आणि नौदलाचा एक संयुक्त कार्यक्रम चालू होता आणि त्यातला हेलिकॉप्टरचा भाग बेलकडे होता. कल्पना अशी, की तबकड्यांच्या ऐवजी पडद्यावर जमिनीचं जाळीदार चित्र दाखवायचं, विमान कललं की चित्र कलेल, खाली गेलं की जाळी जवळ येईल. तबकड्यांच्या जागी पडदे असलेल्या आजच्या कॉकपिटमधलं कृत्रिम दृश्य हे त्याचंच नातवंड. चित्र दिसायला छान, पण ते खरंच उपयोगी आहे का हे कसं ठरवायचं? साध्या चाचणीत पाहिलं तर निष्णात वैमानिक जुन्या तबकड्यांवरही तितकंच नीट उडवतो. तो जास्त कष्ट घेतो, एवढंच. आणि कष्ट बाहेरून दिसत नाहीत.

१९६४ च्या अहवालात डोहर्टी, एमरी आणि कर्टिन यांनी यावर जो मार्ग काढला तो मला फार आवडतो. वैमानिकाला सिम्युलेटरमध्ये उडवायला बसवलं आणि त्याच वेळी समोर येणारे आकडे वाचून दाखवायला सांगितले. आकड्यांचा वेग हळूहळू वाढवत नेला. वेग कमी असताना जुन्या तबकड्या आणि नवा पडदा यांत फरक दिसेना. वेग वाढला तसा फरक उघडा पडला. पडद्यावर उडवणारे आकडे वाचत राहिले, तबकड्यांवर उडवणारे चुकू लागले. म्हणजे नव्या पडद्याने वैमानिकाच्या डोक्यात मोकळी जागा ठेवली होती. इंजिन पेटलं, रेडिओवर कुणी ओरडलं, शेजारचा काही विचारू लागला, की लागते ती हीच जागा.

आता १९४४ ची आग आठवा. परीक्षक शेजारी, एक इंजिन पेटलेलं, पुढची पायरी कोणती हे आठवायला डोकं मोकळं हवं. अहवालात असं भावनिक काही लिहिलेलं नाही, लिहूही नये. पण तो प्रयोग आखणाऱ्यांत एक अशी व्यक्ती होती जिला वाढता ताण स्वतःच्या हातांनी ठाऊक होता. आमच्या धंद्यात हे दुर्मिळ असतं. एकतर आकडेमोड जाणणारे असतात, नाहीतर उडवणारे. दोघांची गाठ बहुतेक वेळा चौकशी समितीसमोरच पडते.

फेब्रुवारी १९६१ मध्ये तिने बेल ४७ हेलिकॉप्टर घेऊन महिलांचे दोन जागतिक विक्रम केले: १९,४०६ फूट उंची, आणि सरळ रेषेत ४०४.३६ मैल अंतर, म्हणजे साडेसहाशे किलोमीटर. हेलिकॉप्टर ती बेलमध्ये आल्यावर शिकली होती. बेल ४७ म्हणजे काचेचा बुडबुडा आणि मागे जाळीदार शेपूट असलेलं छोटं यंत्र. त्यात जवळपास सहा किलोमीटर वर जाणं हे धाडस आहेच. कार्यक्रमात धाडसाचा मुद्दा हवा असेल, तर हा निवडा. इथे कुणाला खिजवायचं नव्हतं.

इंजिनिअर म्हणावं का? मांडणी ठरवते, प्रयोग आखते, मोजते, आणि त्या मोजण्यावरून यंत्र बदलायला लावते, त्या व्यक्तीला दुसरं काय म्हणणार? मानवी घटक अभियांत्रिकीत पहिल्या पिढीतले बहुतेक जण मानसशास्त्रातून किंवा शिक्षणातून आलेले होते, कारण या विषयाची पदवी तेव्हा धडपणे अस्तित्वातच नव्हती. चापानिसही मानसशास्त्राचाच. त्याची पदवी कोणी काढून दाखवत नाही. डोराची मात्र विचारली जाते. तुमच्या प्रश्नात तसा हेतू नसेल, पण सभागृहात कुणीतरी विचारेल, म्हणून तयारीत राहा.

माजी सैनिक म्हणण्याला तर कायद्याचाच आधार आहे, उशिराचा असला तरी. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन हवाई दलाने जाहीर केलं की आता पहिल्यांदाच महिला लष्करी विमानं उडवणार. हे वाचून पन्नाशी ओलांडलेल्या वास्पच्या बायका खवळल्या. त्यांनी वॉशिंग्टन गाठलं. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर युद्धात स्वतः विमानं पोचवण्याच्या कामावर होता, तो त्यांच्या बाजूने उभा राहिला. एकीच्या जुन्या सेवामुक्तीच्या कागदावर तिने लष्करात सन्मानाने सेवा केली असे शब्द निघाले. तो कागद कामी आला. या प्रयत्नांत डोराही होती. नोव्हेंबर १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी वास्पना माजी सैनिक मानणाऱ्या कायद्यावर सही केली. १० मार्च २०१० ला वास्पना काँग्रेसचं सुवर्णपदक मिळालं. तरी २०१५ मध्ये लष्कराने त्यांच्या अस्थी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत ठेवायला मनाई केली. एलेन हार्मन या वास्पच्या नातींनी आजीसाठी मोहीम चालवली, आणि मे २०१६ मध्ये नवा कायदा करून ती मनाई उठवावी लागली. डोरा त्याआधीच, नोव्हेंबर २०१३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी फोर्ट वर्थला वारली होती. शिवाय हे सगळं बाजूला ठेवलं, तरी युद्धानंतर ती हवाई दलाच्या राखीव दलात अधिकारी होती आणि लेफ्टनंट कर्नल हुद्द्यापर्यंत गेली. तेव्हा माजी सैनिक हा शब्द दोन वेगवेगळ्या वाटांनी तिला लागू होतो.

तयारीसाठी दोन व्यवहारी गोष्टी. तिचं लिखाण शोधताना एकाच नावावर थांबू नका. सुरुवातीचे अहवाल डोहर्टी नावाने आहेत, लग्नानंतरचे स्ट्रॉदर नावाने, आणि शेवटच्या वर्षांतल्या बातम्यांत मॅकिओन हे आडनावही सापडतं. एका नावाने शोधणाऱ्याला तिचं अर्धंच आयुष्य दिसतं, आणि मग 'बी-२९ नंतर तिने काय केलं कोण जाणे' अशी वाक्यं लिहिली जातात. दुसरी गोष्ट वेळेची. पंधरा मिनिटं मिळाली असतील तर 'लेडीबर्ड'ला चार द्या, त्यातली दोन धावपट्टीवर न थांबण्याच्या पद्धतीला. उरलेल्या वेळात आकडे वाचण्याचा प्रयोग प्रेक्षकांवरच करून दाखवा: एका मुलाला उजव्या पायाने जमिनीवर गोल काढत राहायला सांगा आणि समोरून आकडे दाखवत त्यांचा वेग वाढवत जा.